दरडोई उत्पन्नातली डोई कोणाची?

महाराष्ट्र शासनाचे दोन आकडे एकदा शेजारी ठेवून पाहावेत. पहिला राज्याच्या आर्थिक पाहणीतला आहे : २०२३-२४ मध्ये महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न सुमारे २ लाख ७८ हजार रुपये होते. दुसरा 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेतला आहे : जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या योजनेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे अशी अट होती, आणि आपण त्या अटीत बसतो असे सांगून दोन कोटींहून अधिक महिलांनी दरमहा १,५०० रुपये घेतले. एका आकड्याप्रमाणे पाळण्यातल्या पोरापासून खाटेवरच्या आजीपर्यंत प्रत्येकामागे पावणेतीन लाख, म्हणजे चौघांच्या घरात वर्षाला अकरा लाख येतात. दुसऱ्याप्रमाणे, एकेका घरातल्या दोघी-दोघी धरल्या तरी, निदान एक कोटी घरांत सगळ्यांचे मिळून अडीच लाखही येत नाहीत. अर्ज भरताना काहींनी खोटे लिहिले हे खरेच आहे, आणि पुढे पडताळणीत लाखो नावे अडकलीही. पण अकरा लाख आणि अडीच लाख यांतले अंतर निव्वळ लबाडीने भरून निघेल इतके लहान नाही.

यांतला कोणताही आकडा मुद्दाम रचलेला नाही. राज्यात वर्षभरात जे नवे मूल्य तयार झाले त्यातून घसारा वजा करून उरलेल्या रकमेला लोकसंख्येने भागले की दरडोई उत्पन्न मिळते. कारखानदाराने पुन्हा धंद्यात घातलेला नफा त्यात आहे, बँकांची आणि विमा कंपन्यांची उलाढाल जे मूल्य निर्माण करते ते आहे, स्वतःच्या घरात राहणाऱ्याचे मानीव घरभाडे, म्हणजे तो स्वतःलाच भाडे देतो असे मानून धरलेली रक्कम, हेदेखील आहे. हे सगळे कोणाच्या तरी खात्यावर जाते, पण सगळ्यांच्या स्वयंपाकघरात जात नाही. स्वयंपाकघरात काय जाते ते राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची घरगुती उपभोग खर्चाची पाहणी सांगते. २०२३-२४ च्या पाहणीत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दरमहा दरमाणशी खर्च साधारण ४,१०० रुपये आणि शहरी भागात ७,३०० च्या आसपास निघाला. वर्षाचा हिशेब केला तर खेड्यात पन्नास हजार, शहरात ऐंशी-नव्वद हजार. बचत धरा, कर धरा, पाहणीत निसटलेला खर्च धरा, तरीही पावणेतीन लाख ही रक्कम बहुसंख्यांनी कधी पाहिलेली नाही.

सरासरी फसवी असते हे सांगण्यासाठी लेख लिहिण्याची गरज नाही, ते शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. माझी तक्रार वेगळी आहे. राहणीमान मोजण्याची साधने आपल्याकडे आहेत, त्यातली काही तर याच मातीत घडलेली आहेत. परंतु कोणत्या प्रश्नाला कोणते साधन लावायचे याचा निर्णय गेल्या दहा-अकरा वर्षांत शास्त्राकडून सोयीकडे गेला आहे. वाढ सांगायची तेव्हा एकूण उत्पादन, समता सांगायची तेव्हा उपभोगाची पाहणी, दारिद्र्य सांगायचे तेव्हा जागतिक बँकेची डॉलरांतली रेषा आणि मदत वाटायची तेव्हा तहसील कार्यालयातला उत्पन्नाचा दाखला. चारही ठिकाणी माणूस एकच असतो, पण चार कागदांवर तो चार वेगवेगळ्या ऐपतींचा दिसतो आणि त्यातला कोणता खरा हे विचारायला अधिकृत जागाच उरलेली नाही.

भारतात दरडोई उत्पन्नाचा हिशेब जन्माला आला तो वाढीची शेखी मिरवण्यासाठी नव्हे, ही गोष्ट आज विसरली गेली आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवलेल्या दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ च्या सुमाराच्या पीकपाण्यावरून हिंदुस्थानातल्या माणसाचे वार्षिक उत्पन्न वीस रुपये काढले, आणि तिथेच न थांबता त्या वीस रुपयांशेजारी सरकारी तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च मांडला. बहुतेक प्रांतांत तो वीसच्या वर होता. म्हणजे सरकार गुन्हेगारावर जेवढे खर्च करते तेवढेही प्रामाणिक रयतेच्या वाट्याला सरासरीनेदेखील येत नाही. एकटे 'वीस रुपये' काहीच सांगत नाहीत. वीस रुपयांत काय येते आणि काय येत नाही हे विचारल्यावर तो आकडा बोलू लागतो. अमेरिकेत अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझ्नेट्स यांनी १९३४ साली राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब सिनेटपुढे ठेवला तेव्हा त्यांनीही याच अर्थाचा इशारा दिला होता, की राष्ट्राचे कल्याण या मोजमापावरून ठरवू नये. पुढे आकडा जगभर गेला, इशारा तिथेच राहिला.

दादाभाईंचा धागा शंभर वर्षांनी पुण्यात पुन्हा उचलला गेला. गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला २,२५० उष्मांक मिळतील इतके अन्न ज्या खर्चाच्या पातळीवर घेतले जाते ती पातळी म्हणजे दारिद्र्यरेषा, असे त्यांनी धरले. १९६०-६१ च्या किमतींनुसार ती खेड्यात महिन्याला माणशी १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये आली. तिच्याखाली ग्रामीण भागात सुमारे ४० टक्के आणि शहरी भागात सुमारे ५० टक्के लोक होते. अभ्यासाचा खरा धक्का मात्र पुढच्या निष्कर्षात होता : साठच्या दशकात जी काही वाढ झाली तिचा लाभ मुख्यतः वरच्या ४० टक्क्यांपाशी थांबला. वाढीचा दर आणि वाढीची वाटणी हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि दुसऱ्याचे उत्तर पहिल्यात नसते, हे त्या वेळी आकड्यांनिशी मांडले गेले. याच दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये नेमलेल्या समितीने महाराष्ट्राच्या प्रादेशिक असमतोलाचा हिशेब केला आणि 'अनुशेष' हा शब्द विधानभवनातून थेट गावच्या पारावर गेला. मोजमाप लोकांच्या बोलीत उतरल्याचे एवढे सुंदर उदाहरण दुसरे नसावे. विषमता मोजणारा 'गिनी गुणांक' कोणत्याही पारावर अजून पोहोचलेला नाही.

दारिद्र्यरेषेचे पुढे काय झाले ते मात्र फारसे भूषणावह नाही. सुरेश तेंडुलकर समितीने २००९ मध्ये उष्मांकांचा आधार सोडून शिक्षण आणि आरोग्यावरचा खर्चही विचारात घेणारी नवी रेषा सुचवली. पद्धत आधीपेक्षा निश्चितच विचारपूर्वक केलेली होती, पण २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दाखल करून शहरात दिवसाला ३२ रुपये आणि खेड्यात २६ रुपये असा तिचा अर्थ सांगितला आणि देशभर गदारोळ उठला. टीका करणाऱ्यांचा राग रास्त होता. ३२ रुपयांत पुण्यात दोन वेळचा चहा आणि बसचे तिकीट यापलीकडे काही होत नव्हते. मग सी. रंगराजन यांच्या समितीने २०१४ मध्ये रेषा वर उचलली : २०११-१२ साठी तेंडुलकर पद्धतीने महिन्याला ग्रामीण ८१६ आणि शहरी १,००० रुपये होते, ते ९७२ आणि १,४०७ झाले, आणि गरिबांचे प्रमाण २१.९ टक्क्यांवरून २९.५ टक्क्यांवर गेले. हा अहवाल सरकारने स्वीकारला नाही. त्यानंतर नियोजन आयोगच गेला, १ जानेवारी २०१५ पासून नीती आयोग आला, आणि देशाला स्वतःची अशी अधिकृत, चालू किमतींची दारिद्र्यरेषा उरली नाही. रेषा फार खाली आहे म्हणून आरडाओरडा करणाऱ्यांनी (मीही त्यांत होतो) शेवटी काय मिळवले, तर रेषाच पुसली गेली. खाली असलेली रेषा वर ओढता येते, नसलेल्या रेषेशी भांडताही येत नाही.

रेषा नसली की तिची जागा दाखला घेतो. १९९९ मध्ये राज्यात तिरंगी रेशनकार्डे आली तेव्हा पिवळ्या कार्डासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १५ हजारांच्या आत आणि केशरीसाठी एक लाखाच्या आत असे ठरले. पंधरा हजार वर्षाला म्हणजे अख्ख्या घराला दिवसाचे ४१ रुपये. अशा मर्यादा वर्षानुवर्षे कागदावर राहिल्या की खरोखर गरीब असलेल्या माणसालाही गरीब ठरण्यासाठी खोटे सांगावे लागते, आणि एकदा सगळेच खोटे सांगू लागले की सधन माणूसही त्याच रांगेत सहज मिसळून जातो. लाडकी बहीण योजनेत जे झाले त्याचे बीज इथे आहे. बायांच्या नैतिकतेवर प्रवचने देण्यापेक्षा मोजणीच्या या दुर्दशेकडे पाहिलेले बरे.

आता पाहणीविषयी. काही काळापूर्वी आमच्या सोसायटीत उपभोग खर्चाच्या पाहणीसाठी एक तरुण अन्वेषक आला होता. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. इमारतीतली जी घरे निवडली गेली होती त्यांपैकी वरच्या मजल्यावरच्या दोघांनी त्याला इंटरकॉमवरूनच परत पाठवले. एकाने 'आमचे सीए बघतात ते' असे सांगितले. चिटणिसांनी पत्र मागितले, पत्र पाहिले आणि 'रविवारी या' म्हणाले. तळमजल्यावर पंपाच्या खोलीशेजारी राहणाऱ्या वॉचमनच्या बायकोने मात्र त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि जवळजवळ दीड तास एकेका प्रश्नाचे उत्तर दिले. गेल्या सात दिवसांत अंडी किती आणली, या प्रश्नाला ती म्हणाली, 'सहा आणली होती दादा, पण पाहुणे आले म्हणून. एरवीच्या आठवड्याचं विचारलंत तर शून्य लिहा.' त्याने सहा लिहिली, नियमाप्रमाणे तेच बरोबर होते. त्या दिवशी आमच्या इमारतीचे राहणीमान सहा अंड्यांवरून ठरले, आणि सातव्या मजल्यावरच्या दोन गाड्या, परदेशवारी, मुलाचे ऑस्ट्रेलियातले शिक्षण यांची कुठेही नोंद झाली नाही.

'सात दिवस' की 'तीस दिवस' हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. माणूस महिन्याभरापूर्वीची कोथिंबिरीची जुडी विसरतो, परवाची विसरत नाही, म्हणून आठवणीचा काळ लहान केला की नोंदलेला खर्च वाढतो आणि दारिद्र्य कमी दिसते. नव्वदच्या दशकात राष्ट्रीय नमुना पाहणीने हा प्रयोग करून पाहिला तेव्हा काही वस्तूंसाठी तीस दिवसांऐवजी सात दिवस विचारल्याने दारिद्र्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. कोट्यवधी माणसे प्रश्नपत्रिकेतल्या एका रकान्याने रेषेच्या वर गेली. १९९९-२००० च्या फेरीत दोन्ही रकाने शेजारी छापले गेले आणि त्या वर्षाच्या आकड्यांवर अर्थतज्ज्ञ पुढची काही वर्षे वाद घालत बसले. त्यानंतर २०१७-१८ च्या पाहणीचे निष्कर्ष सरकारने 'दर्जा'चे कारण देऊन प्रसिद्धच केले नाहीत. २०२२-२३ ची पाहणी आली तेव्हा एकाच भेटीऐवजी तीन भेटी आल्या, प्रश्नावलीचे भाग झाले, नमुन्यासाठी घरे निवडण्याची रीतही बदलली. हे बदल बहुतांशी चांगलेच आहेत. ग्रामीण भागात एकूण खर्चातला अन्नाचा वाटा २०११-१२ मधल्या ५२.९ टक्क्यांवरून ४६.४ टक्क्यांवर आला ही त्यातली नोंद महत्त्वाची आहे, कारण पोट भरल्यावरच माणूस इतर गोष्टींवर खर्च करतो. परंतु अकरा वर्षांच्या खंडानंतर बदललेल्या फुटपट्टीने मोजलेली उंची जुन्या उंचीतून सरळ वजा करता येत नाही, आणि आपल्याकडे ती वजाबाकी पत्रकार परिषदेत केली जाते.

सर्वांत धाडसी वजाबाकी जुलै २०२५ मध्ये झाली. जागतिक बँकेने भारताच्या उपभोग खर्चाचा २०२२-२३ चा गिनी गुणांक २५.५ असल्याचे म्हटले होते. सर्वांना अगदी सारखे मिळाले तर हा गुणांक शून्य असतो आणि सगळे एकाच्याच घरात गेले तर शंभर. त्यावरून भारत हा स्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया आणि बेलारूस यांच्यानंतर जगातला चौथा सर्वाधिक समताधिष्ठित देश असल्याचे सरकारी पत्रकात जाहीर झाले. यात गफलत अशी की अनेक देशांचे गुणांक उत्पन्नाचे आहेत आणि आपला खर्चाचा आहे. महिन्याला १५ हजार मिळवणारा १५ हजार खर्च करतो, कधी उधारीवर सोळाही. महिन्याला १५ लाख मिळवणारा दोन-अडीच लाख खर्च करतो आणि उरलेल्याचे फ्लॅट, शेअर, सोने करतो. श्रीमंताचे पोट गरिबाच्या पोटाहून शंभर पटींनी मोठे नसते, म्हणून खर्चातली विषमता उत्पन्नातल्या विषमतेपेक्षा जगात सर्वत्र कमी दिसते. शिवाय सातव्या मजल्यावरचे दार बंद राहिले की ती आणखी कमी दिसते. जागतिक बँकेच्या त्याच टिपणात विषमता कमी मोजली गेली असण्याची शक्यता नोंदवली होती आणि जागतिक विषमता माहितीसाठ्यानुसार उत्पन्नाचा गिनी २००४ मधील ५२ वरून २०२३ मध्ये ६२ वर गेल्याचेही म्हटले होते. पत्रकाने पहिले वाक्य उचलले, पुढची दोन सोडली.

दुसऱ्या बाजूलाही सूट देण्याचे कारण नाही. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ टोमा पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च २०२४ मध्ये मांडले की २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के आणि संपत्तीतला ४०.१ टक्के वाटा होता. हा निष्कर्ष आयकराच्या आकडेवारीवर, पाहणीवर आणि या दोहोंना जोडणाऱ्या गृहीतकांवर उभा आहे. ज्या देशात थोडेच लोक आयकर भरतात आणि शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे तिथे ही गृहीतके बदलली की दशांश चिन्हानंतरचाच नव्हे, आधीचा आकडाही हलतो. ४०.१ मधल्या त्या 'पॉइंट एक'वर माझा विश्वास नाही. दिशा मात्र मला पटते, कारण ती ज्याला डोळे आहेत त्याला पुण्याच्या कोणत्याही उपनगरात एका पदपथावरून दिसते.

खर्च म्हणजे राहणीमान, हे गृहीतक सर्वाधिक कुठे कोसळते ते पाहायचे तर बीड जिल्ह्यात जावे. दसरा झाला की बीड, अहिल्यानगर, परभणी, जालना या भागांतून लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता' : काम दोघांचे, हिशेबातले एकक एक. निघण्याआधी मुकादमाकडून 'उचल' घेतलेली असते. ती आगाऊ मजुरी आहे, म्हणजेच कर्ज आहे, आणि हंगामभर टनाच्या भावाने ऊस तोडून ते फेडायचे असते. एखादा दिवस आजारपणाने खाडा पडला तर मजुरी तर जातेच, वर पैसे कापले जातात. उचल बहुधा हातात आल्या आल्या संपते : मुलीचे लग्न, सावकाराचे जुने देणे, घराचे पत्रे, दवाखाना. या खर्चातला मोठा भाग पाहणीच्या हिशेबात उपभोग म्हणूनच मांडला जातो. ज्या वर्षी घरात मोठे आजारपण येते त्या वर्षी त्या घराचा दरमाणशी खर्च फुगतो आणि कागदावर ते कुटुंब वरच्या पायरीवर चढलेले दिसते.

बीडच्या ऊसतोड महिलांचे गर्भाशय काढण्याचे प्रमाण गाजले तेव्हा २०१९ मध्ये विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, उसाच्या फडात ना संडास ना पाणी, वारंवार होणारा जंतुसंसर्ग, आणि 'पिशवी काढून टाका, कटकट मिटेल' असे सांगणारे डॉक्टर : कारणे अनेक होती. आता हिशेबनीसाच्या नजरेने बघा. शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयात झाली असेल तर तिचे शुल्क सेवा क्षेत्राच्या उत्पादनात जमा झाले, जिल्ह्याच्या उत्पन्नात भर पडली. तो पैसा उचलीतून आला, म्हणजे कुटुंबाचा उपभोग वाढला. पुढच्या हंगामात ती बाई खाडा न करता जास्त टन तोडू शकली, म्हणजे साखरेचे उत्पादनही वाढले. तिन्ही रकान्यांत अधिकचे चिन्ह. तिशी-पस्तिशीतल्या बाईच्या कायमच्या दुखऱ्या कंबरेसाठी, ढासळलेल्या हाडांसाठी वजाबाकीचा रकाना कोणत्याच तक्त्यात नाही. हे मी मोजमापाविरुद्ध सांगत नाही. समितीने मोजले म्हणूनच ते कळले. उत्पादन आणि उपभोग मोजणाऱ्यांना ते कळण्याची सोय नव्हती, एवढेच माझे म्हणणे आहे.

वाढ झालीच नाही असे म्हणणाऱ्यांशी मात्र माझे जमत नाही. ज्या घरांत मी लहानपणी चिमणी आणि चुलीचा धूर पाहिला तिथे आज वीज, गॅस, पक्की भिंत आणि दाराशी मोटारसायकल आहे. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांतल्या उणिवा एकत्र मोजणाऱ्या नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकानुसार महाराष्ट्रातले असे गरीब २०१५-१६ मधल्या १४.८ टक्क्यांवरून २०१९-२१ पर्यंत ७.८ टक्क्यांवर आले, आणि दिशेबाबत त्यावर अविश्वास दाखवण्याचे मला कारण दिसत नाही. पण हा निर्देशांक ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवर बेतला आहे तिच्या त्याच दोन फेऱ्यांत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या बालकांचे काय झाले ते पाहावे. वयाच्या मानाने खुजी असलेली बालके ३४.४ टक्के होती, ती ३५.२ झाली. कमी वजनाची ३६ टक्के होती, ती ३६.१ झाली. रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचे प्रमाण ४८ वरून ५४.२ टक्क्यांवर गेले. गॅसची जोडणी, बँकेचे खाते, विजेचा मीटर या गोष्टी योजनेतून एका वर्षात घरात आणता येतात, आणि आणाव्यातच. मुलाची उंची मात्र योजनेने वाटता येत नाही. आईचे जेवण, पाण्याची शुद्धता, अंगणवाडीतली हजेरी, दोन बाळंतपणांतले अंतर, आईचे उसाच्या फडातले काम या सगळ्यांची बेरीज होऊन ती ठरते. देशातल्या श्रीमंत राज्यांत गणल्या जाणाऱ्या राज्यात तीनापैकी एकाहून अधिक मूल खुजे असेल तर राहणीमानाच्या चर्चेत पहिला आकडा हा असायला हवा, आणि तो अधिवेशनातल्या अर्थसंकल्पी भाषणात कधीच पहिला नसतो.

यावर नेहमीचे उत्तर असते, की आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार. आधी वाढ होऊ द्या, वाटणीचे नंतर बघू. यातला पहिला भाग मला मान्य आहे. वाढीशिवाय दारिद्र्य हटलेला देश मला माहीत नाही, आणि गरिबी वाटून घेण्यात कसलाही पुरुषार्थ नाही. पण गावातल्या आडाला पाणी आहे की नाही एवढेच विचारून थांबणारा माणूस पाणी भरणारा नसतो. भरणाऱ्याला रहाट कोणत्या बाजूला आहे, दोर कोणाचा आहे आणि आपल्या पोहऱ्याची पाळी कधी येते हेही पाहावे लागते. आपल्याकडे तर आडावर कोणाला चढू द्यायचे नाही याचा इतिहास महाडपर्यंत जातो. वाढीचा दर जाहीर करणारी यंत्रणा तिमाहीला आकडा देते. वाटणी मोजणाऱ्या पाहण्यांमध्ये अकरा वर्षांची दरी पडू शकते आणि कोणाचे आसन हलत नाही, यावरूनच प्राधान्य कशाला आहे ते कळते.

म्हणून माझा आग्रह अगदी रुक्ष गोष्टींचा आहे. दारिद्र्यरेषा पुन्हा अधिकृतपणे आखावी, कितीही वर असो वा खाली, पण किमतींप्रमाणे दरवर्षी बदलणारी, आणि तीच रेशनपासून शिष्यवृत्तीपर्यंत सगळीकडे लागू असावी, म्हणजे दाखल्यांचा बाजार आपोआप बसेल. ही सूचना काही गैरसोयीची ठरेल हे मला माहीत आहे : रेषेखालची संख्या मोठी निघाली तर सरकारची अडचण, छोटी निघाली तर योजनांतून नावे गळण्याची भीती. दोन्ही अडचणी खऱ्या आहेत, पण त्या न मोजल्याने नाहीशा होत नाहीत. पाहण्यांचे वेळापत्रक कायद्याने बांधावे आणि निष्कर्ष रोखण्याचा अधिकार मंत्रालयाकडे नसावा. जिल्ह्यांचे उत्पन्न छापताना त्याच ओळीत त्या जिल्ह्यातल्या खुज्या बालकांचे प्रमाण छापावे. नंदुरबार दोन्हीकडे तळाशी दिसेल, ते अपेक्षितच आहे. पण वरच्या फळीतल्या काही जिल्ह्यांची शेजारची ओळ वाचून तिथले पालकमंत्री चकित झाले तर निदान एक प्रश्न विधिमंडळात विचारला जाईल.

राहिला उत्पन्नाचा थेट प्रश्न. राष्ट्रीय नमुना पाहणीने पन्नास आणि साठच्या दशकांत कुटुंबांचे उत्पन्न विचारून पाहिले होते, १९८३-८४ मध्ये पुन्हा चाचणी घेतली, आणि दरवेळी लोकांनी सांगितलेले उत्पन्न हे त्यांनीच सांगितलेल्या खर्च आणि बचतीच्या बेरजेपेक्षा कमी निघाल्याने तो नाद सोडून दिला. २०२५ मध्ये सांख्यिकी मंत्रालयाने देशव्यापी उत्पन्न पाहणी २०२६ पासून करण्याचे ठरवले. याचे मी मनापासून स्वागत करतो. सातव्या मजल्यावरचे दार उघडण्यासाठी काय करायचे याचा विचार तज्ज्ञ करतीलच, त्याला जगभर अनुभव आहे. मला काळजी बीडची वाटते. पाहणीचा अन्वेषक पौष महिन्यात तिथल्या एखाद्या गावात जाईल तेव्हा निवडलेल्या घराला कुलूप असेल, ओट्यावर एखादी म्हातारी दोन नातवंडांना घेऊन बसलेली असेल, आणि घरातली कमावती जोडी दोन-तीनशे किलोमीटरवर कोल्हापूर-सांगलीकडच्या कुठल्या तरी फडाशेजारी पाचटाच्या कोपीत असेल, जी कोणत्याही गावाच्या घरयादीत नसते. अशा वेळी नियम त्याला दुसरे घर बदली म्हणून घेण्याची मुभा देतो. ते दुसरे घर कोणाचे असते, तर ज्याला दसऱ्यानंतर गाव सोडावे लागत नाही त्याचे.